जीआरपीसी, थ्रिफ्ट की साधं जेसन? आणि आधी डेडलाईन लावा

तुमच्या निपाणीच्या गोदामात वजनकाट्याची सर्व्हिस पायथॉनमध्ये, हिशेबाची गो मध्ये, आणि दोघींना जोडायला, म्हणजे एकीनं दुसरीला नेटवर्कवरनं कॉल करून काम सांगायला, जीआरपीसी, थ्रिफ्ट की जेसन, काय वापरावं, असा तुमचा प्रश्न आहे. दिवसाला शे-दोनशे कॉल आणि माणूस एकटाच असता तर मी जेसनच म्हटलं असतं, म्हणजे डोळ्यांनी वाचता येईल अशा साध्या मजकुरात डेटा पाठवणं. कर्ल (टर्मिनलवरनं कॉल पाठवायची कमांड) मारला की समोर दिसतं. पण भाषा दोन आहेत, पुढंमागं तिसरी येणारच. तेव्हा जीआरपीसी घ्या, वेगवेगळ्या भाषांतल्या प्रोग्रॅमना एकमेकांना कॉल करू देणारं साधन. वेगाचं सोडा, एवढ्याशा कामात तो कळतही नाही. खरी किंमत प्रोटो फाईलची, म्हणजे कोणते कॉल आणि मेसेजात कोणती फील्डं हे जिच्यात लिहायचं तिची. तो दोन्ही बाजूंचा लेखी करार. फक्त फील्डला नुसतं 'वेट' म्हणू नका, 'वेट_ग्रॅम्स' म्हणा, म्हणजे किलो की ग्रॅम हा वाद मिटला. आणि एखादं फील्ड काढलंत तर त्याचा नंबर (प्रोटोत प्रत्येक फील्डला असतो) रिझर्व्ह्ड करा, दुसऱ्याला देऊ नका.

थ्रिफ्ट, जीआरपीसीसारखंच दुसरं साधन, वाईट नाही. फेसबुकनं 2007 ला खुलं केलं, अजून चालतंय. तुमच्याकडं आधीपासून नसेल तर मुद्दाम आणू नका. ब्राउझरमधनं थेट कॉल करायचा बेत असेल तर मात्र लक्षात घ्या, जीआरपीसी तसं चालत नाही. जीआरपीसी-वेब आणि बहुतेक वेळा मधे एन्व्हॉयसारखा प्रॉक्सी (कॉल बदलून पुढं देणारा मध्यस्थ) लागतो.

आता बसवण्याचं. बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपला मी हे करून दिलं होतं. पावसाळ्यात एका दुपारी शॉपची लाईट गेली, ऑफिस मात्र इन्व्हर्टरवर चालू. शॉपचा कॉम्प्युटर 'मी चाललो' असं सांगून थोडाच बंद पडतो? ऑफिसची बाजू उत्तराची वाट बघत बसली. सुपरवायझर फोनवर, "अहो, गोल फिरतंयच की अजून!" चूक माझीच. जीआरपीसीत डेडलाईन, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट बघायची ती मुदत, आपण लावली नाही तर नसतेच.

मग सगळ्या कॉलना लावली, पाच सेकंद, शॉप ऑफिसला नोंद पाठवतं त्यालाही, आणि चुकलं की पुन्हा पाठव. संध्याकाळी 48 कास्टिंगांची 96 झाली! डेडलाईन संपली याचा अर्थ पलीकडं काम झालं नाही असा होत नाही; नोंद झाली होती, पोच तेवढी वाटेत राहिली. तेव्हापासून प्रत्येक नोंदीला शॉपवरच एक आयडी देतो, रीट्रायलाही तोच, आणि डेटाबेसमध्ये तो युनिक. तुमच्या काट्यावर पोत्याचं वजन दोनदा लागलं तर व्यापारी गप्प बसायचा नाही.

कनेक्शन मेलंय हे लवकर कळावं म्हणून कीपअलाइव्ह (ठरावीक वेळानं 'आहेस का?' असा पिंग पाठवणं) लावाल, तर दोन्ही बाजूंना लावा. सर्व्हरला, म्हणजे उत्तर देणाऱ्या बाजूला, मुळात पाच मिनिटांच्या आत पिंग चालत नाही. क्लायंट, म्हणजे कॉल करणारा, दहा-दहा सेकंदांनी टोचत राहिला तर 'टू मेनी पिंग्ज' म्हणून सर्व्हरच कनेक्शन तोडतो, आणि आपण नेटवर्कला शिव्या घालत बसतो.

शेवटचं, आपल्या भागातलं दुखणं. हमालांची, शेतकऱ्यांची नावं जुन्या कन्नड किंवा मराठी फॉन्टात, युनिकोडच्या आधीच्या, टाइप केलेली असतील. प्रोटोच्या स्ट्रिंगला, म्हणजे मजकुराच्या फील्डला, यूटीएफ-8 (युनिकोड साठवायची पद्धत) च लागतं. गो मध्ये असली कच्ची बाइट्स घातली की मेसेज तयार होतानाच एरर येतो. टाइप बदलून बाइट्स केला की एरर जातो, नाव मात्र पलीकडं वाचता येत नाही. आधी जुनी यादी युनिकोडमध्ये आणा.

प्रोटो फाईल लिहून झाली की दाखवा, नजर टाकतो.