पैसे कुणाचे, आणि बदल्यात काय?

अमेरिकेत डॉक्टरकी, फार्मसी, नर्सिंग शिकायला निघालेल्यांची पत्रं बहुतेक ‘किती मदत मिळेल?’ या प्रश्नाने सुरू होतात. माझे उलटप्रश्न दोनच असतात. पदवीचं नेमकं नाव काय? आणि तुम्ही नागरिक, ग्रीन कार्डधारक की व्हिसावर? निम्मं उत्तर तिथेच मिळतं. मार्कांचा नंबर त्यानंतर लागतो.

धाकटी मुलगी २०२६च्या ऑगस्टपासून चार वर्षांच्या फार्म.डी.ला (फार्मसीच्या पदवीला) जाणार आहे. आमचं ग्रीन कार्ड आहे. थोरल्याची सगळी फी ग्रॅड प्लस कर्जावर भागली होती. हिचीही भागेल ना?

नाही. २००६पासून ‘ग्रॅड प्लस’ या केंद्रीय कर्जात फी, राहणं, जेवण असा कॉलेजने ठरवलेला पूर्ण खर्च उचलता येत असे. जुलै २०२५मध्ये झालेल्या कायद्याने नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६पासून ते दार बंद केलं. जे त्याआधीच अभ्यासक्रमात होते आणि त्याच अभ्यासक्रमासाठी ज्यांनी केंद्रीय कर्ज घेतलं होतं, त्यांनाच जास्तीत जास्त तीन वर्षांची सवलत आहे. तुमची मुलगी त्यात बसत नाही.

तिला मिळेल ते थेट केंद्रीय कर्ज. फार्मसी ‘व्यावसायिक पदवी’ मानली जाते, त्यामुळे मर्यादा वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,०००. याचं व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, शिक्षण चालू असतानाही. म्हणून त्याआधी कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयात ‘हेल्थ प्रोफेशन्स स्टुडंट लोन’ आहे का ते विचारा. व्याज ५ टक्के, आणि शिकत असेपर्यंत शून्य. फार्मसी, दंतवैद्यक, नेत्रतपासणी, पशुवैद्यक अशा शाखांसाठी हा पैसा सरकारने कॉलेजांकडेच दिलेला असतो. जुने विद्यार्थी फेडतात त्यातून नव्यांना मिळतं. सगळ्या कॉलेजांत तो नसतो, आणि जिथे असतो तिथे सहसा कुणी स्वतःहून सांगत नाही. विचारणाऱ्यालाच मिळतो.

माझं वय २७, स्वतः कमावतो, कर वेगळा भरतो. तरी दंतवैद्यकाच्या कॉलेजने आईबाबांच्या उत्पन्नाची माहिती मागितली. चूक झाली असेल का?

चूक नाही. पदव्युत्तर विद्यार्थी थेट केंद्रीय कर्जासाठी स्वतंत्र धरला जातो. वर सांगितलेलं ५ टक्क्यांचं कर्ज मात्र गरज पाहून मिळतं, आणि त्यासाठी अनेक कॉलेजं घरची माहिती मागतात. बाबांना वाटेल की सही केली म्हणजे फी आपल्या गळ्यात पडली. तसं नाही, हे त्यांना समजावून सांगा.

मी हॉस्पिटलात नर्स आहे. नोकरी सांभाळून, अर्धवेळ, नर्स प्रॅक्टिशनरचं (रुग्ण तपासून औषध लिहून देणाऱ्या नर्सचं) शिक्षण घ्यायचंय. मैत्रीण म्हणते वर्षाला ५०,००० मिळतील.

मैत्रिणीने फक्त आकडा ऐकलाय. नव्या कायद्याने ‘व्यावसायिक पदवी’ची जी जुनी व्याख्या आधाराला घेतली, तिच्या यादीत वैद्यक, दंतवैद्यक, फार्मसी आहेत. नर्सिंग नाही, फिजिओथेरपी नाही, फिजिशियन असिस्टंटही नाही. (रुग्णाच्या उशाशी रात्रभर उभी असणारी ‘व्यावसायिक’ नाही, हे पचवायला जड आहे. मलाही.) म्हणून हिशोब २०,५०० डॉलरचाच धरा, एकूण १,००,०००. त्यातही अर्धवेळ शिकणाऱ्याची वार्षिक मर्यादा त्या प्रमाणात खाली येते.

तेव्हा पहिली फेरी तुमच्याच हॉस्पिटलच्या एचआरकडे. मालकाने शिक्षणासाठी दिलेले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतचे पैसे करमुक्त असतात. अट असते ती ‘नंतर इतकी वर्षं इथेच काम करा’ची. तो कागद घरी आणून सावकाश वाचा.

‘नर्स कोअर’ या केंद्र सरकारच्या योजनेची शिष्यवृत्तीही आहे, पण ती अर्धवेळ शिकणाऱ्याला मिळते का, ते आधी विचारा. त्यांचीच कर्जफेड योजना मात्र तुमच्यासाठी आहे. नर्सची तीव्र टंचाई असलेल्या ठिकाणी दोन वर्षं काम केलंत की नर्सिंगच्या शिल्लक कर्जाचा ६० टक्के भाग ते भरतात. तिसऱ्या वर्षासाठी आणखी २५ टक्के मिळू शकतात. ग्रीन कार्डधारकही चालतात.

मुलाला एम.डी.ला प्रवेश मिळालाय, तो इथलाच नागरिक. एक जण म्हणतो सरकारी शिष्यवृत्ती घे, दुसरा म्हणतो लष्कराची घे, सगळं फुकट. आम्ही गोंधळलोय.

फुकट यातलं काहीच नाही. किंमत वर्षांत मोजायची, एवढंच.

‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर’ ही सरकारी शिष्यवृत्ती फी भरते आणि दरमहा खर्चाला पैसे देते. (खर्चाच्या पैशांवर कर लागतो.) बदल्यात जितकी वर्षं मदत घेतली तितकी, किमान दोन, डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करायचं. तेही प्राथमिक सेवेत, म्हणजे फॅमिली मेडिसिन, बालरोग, जनरल मेडिसिन, प्रसूती, मानसोपचार. आज मुलाला बालरोग आवडतो आणि तिसऱ्या वर्षी हृदयशस्त्रक्रिया पाहून त्याचे डोळे चमकले तर? करार मोडला की घेतलेल्या रकमेच्या तिप्पट, वर व्याज. वयाच्या बाविसाव्या वर्षी सही करताना हे कुणाच्या डोक्यात नसतं.

लष्कराच्या शिष्यवृत्तीतही फी आणि मासिक भत्ता आहे, बदल्यात साधारण वर्षाला वर्ष लष्करी सेवा. रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाची, वर्षं त्यात मोजत नाहीत, आणि कोणती रेसिडेन्सी मिळेल यात लष्कराची गरजही बघितली जाते. गणवेश मनापासून हवा असेल तरच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी वाट फारसं कुणी सुचवत नाही. केंद्रीय कर्ज घ्या आणि पुढे ना-नफा किंवा सरकारी हॉस्पिटलात पूर्णवेळ नोकरी करा. १२० पात्र हप्ते, म्हणजे किमान १० वर्षं, भरले की उरलेलं कर्ज माफ होतं. २००७च्या कायद्याने आलेली ही सोय आहे. शिकवणारी बरीच हॉस्पिटलं ना-नफा असतात, त्यामुळे रेसिडेन्सीतले उत्पन्नानुसार बसणारे लहान हप्तेही मोजले जातात. तीन ते सात वर्षं तिथेच निघाली की थोडीच उरतात. हृदयशस्त्रक्रिया की बालरोग, हे तुम्हाला कुणी विचारत नाही. आवडत्या शाखेबद्दल अजून ठाम नसलेल्या मुलासाठी मला हीच वाट बरी वाटते. मात्र मालकाच्या सहीचा फॉर्म दरवर्षी भरायचा. दहाव्या वर्षी जुने मालक शोधत फिरण्यात लोकांचा जीव मेटाकुटीला येतो.

भाची भारतातून एम.पी.एच.साठी (सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी) एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येतेय. तिला यातलं काय मिळेल?

वरच्यातलं काहीच नाही. एफ-१वर केंद्रीय मदत बंद असते. तिने विभागात रिसर्च किंवा टीचिंग असिस्टंटशिप विचारावी, तीत कधी कधी फीची सूटही जोडलेली असते. त्यासाठी प्रवेशपत्राची वाट न पाहता, प्राध्यापकांना त्यांचं काम वाचून ईमेल लिहावी. उरलेलं भारतातल्या शैक्षणिक कर्जातून. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून बाहेर पाठवलेल्या फीवर १ एप्रिल २०२५पासून टीसीएस (पैसे परदेशी पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर) कापला जात नाही. व्याजावर आठ वर्षं करवजावट मिळते, पण जुन्या कररचनेतच.

पुतण्याच्या खाजगी कर्जावर सह-कर्जदार म्हणून सही करू का? दादाचा रोज फोन येतो.

खाजगी कर्जाला वरची १२० हप्त्यांची माफी नाही. पुतण्याचा हप्ता चुकला तर बँक तुमच्या दारात येईल आणि तुमचा क्रेडिट स्कोअर घसरेल. दादाला आधी एवढंच विचारा, की केंद्रीय कर्जाची मर्यादा खरंच संपली आहे का. माझ्याकडे येणाऱ्या अशा पत्रांत बऱ्याचदा ती संपलेली नसते, एफएएफएसएचा, म्हणजे केंद्रीय मदतीच्या अर्जाचा, फॉर्मच भरलेला नसतो.