चुना 'साचला' की चुना 'धरला'?

दारव्ह्याकडून एका वाचकाने विचारलं आहे. वडिलांनी पंधरा वर्षांपूर्वी टीबीचं औषध पूर्ण केलं. आता छातीच्या एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये 'डिस्ट्रॉफिक कॅल्सिफिकेशन' लिहून आलंय, अन् गावात म्हणतात, "बुढ्याच्या फोपशात चुना साचला." याला मराठीत नेमकं काय म्हणावं? आणि पन्नीत घोटलेल्या खर्र्यातला, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणातला, चुनाच तिथे गेला का?

'चुना' हा शब्द गावठी समजून टाकू नका. लॅटिन 'कॅल्क्स' म्हणजे चुनाच. त्यावरूनच हम्फ्री डेव्हीने १८०८ साली कॅल्शियमला नाव दिलं. आपला चुना आला संस्कृत 'चूर्ण'वरून. फुफ्फुसातला पदार्थ मात्र पानाला लावायचा चुना नव्हे. तो कॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे हाडात असतो तोच. म्हणून एक्स-रेत हाडासारखा पांढरा दिसतो.

माझी हरकत आहे ती 'साचला'ला. साचतं ते बाहेरून वाहून आलेलं : खड्ड्यात पाणी, नालीत गाळ. खर्र्यावर संशय गेला तो या क्रियापदामुळे. खर्रा सुटलाच पाहिजे, तोंडाच्या कॅन्सरचं ते मोठं कारण आहे. पण हा डाग त्याचा नाही.

इथे सुरुवात त्या जागेपासूनच होते. टीबीच्या गाठीत पेशी मरतात. जिवंत पेशी कॅल्शियम सतत बाहेर ढकलत असते. मरताना ते बळ सरतं, कॅल्शियम आत शिरतं, फाटलेल्या आवरणातल्या स्निग्ध द्रव्यांना चिकटतं. तिथेच सुटलेल्या फॉस्फेटशी त्याचे बारीक स्फटिक बनतात आणि वर्षानुवर्षं वाढतात. रक्तातलं कॅल्शियम या काळात अगदी बरोबर असतं.

यासाठी आपल्याकडे 'धरणे' आहे. लोखंडाला गंज धरतो, भाकरीला बुरशी धरते, दुधावर साय धरते. जागा तशी झाली म्हणून धरतं. 'डिस्ट्रॉफिक'मधलं 'ट्रॉफी' हे ग्रीक पोषण. बिघडलं ते त्या जागेचं, माणसाच्या खाण्यापिण्याचं नव्हे. म्हणून 'कुपोषणजन्य' असा तर्जुमा करू नये.

'साचणे' मी दुसऱ्या प्रकाराला राखून ठेवीन. पॅराथायरॉइड ग्रंथी अति काम करू लागली, 'ड' जीवनसत्त्व बेसुमार घेतलं किंवा मूत्रपिंडं निकामी झाली, की रक्तातलं कॅल्शियम-फॉस्फेटचं गणित बिघडतं आणि धडधाकट फुफ्फुसात, मूत्रपिंडातही ते जाऊन बसतं. त्याला डॉक्टर 'मेटास्टॅटिक कॅल्सिफिकेशन' म्हणतात.

तेव्हा घरी सांगताना असं सांगा : "बाबांच्या फोपशात टीबीच्या जुन्या गाठीला चुना धरला."