डेल्टा पतंगाची आडवी काडी मोडली, बदली कोणती घालावी?

बांबू चालेल. फक्त मोडलेली काडी इतक्यात फेकू नका, आणि तिची शाबूत जोडीदार पतंगातून काढून हाताशी ठेवा.

तुमचा पतंग कापडी डेल्टा, म्हणजे त्रिकोणी, पंख दोन मीटरचे, आडवी काडी फायबरची, 5 मिमीची, दोन तुकड्यांची. त्यातला एक तुकडा मधल्या जोडापाशी चिरला आणि लातुरात तसली काडी मिळेना, म्हणून जाडजूड, मजबूत काहीतरी घालू का, असं विचारताय. तसं करू नका. 5 मिमीच्या भरीव काडीऐवजी त्याच मालाची 6 मिमीची घेतली तर वजन जवळजवळ दीडपट होतं, पण ताठरपणा दुप्पट. मग वाऱ्याचा झोत आला की एक पंख वाकतो, दुसरा हटून बसतो, आणि पतंग एका अंगाला ओढत गोता खातो. तंबूच्या काड्या बहुतेक याच कारणाने बाद. मासेमारीचा रॉडही नको, तो निमुळता असतो.

ताठरपणा घरीच मोजता येतो. शाबूत काडी दोन विटांवर आडवी ठेवा, मधोमध पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली टांगा आणि किती झोल पडतो ते पट्टीने बघा. नवी काडी त्याच विटांवर, त्याच बाटलीने जवळपास तेवढीच वाकली पाहिजे. लांबीही तंतोतंत तेवढीच ठेवा. लांब झाली तर कापड ताणून पंख सपाट होतात आणि पतंग डुलत राहतो.

आता बांबू. फायबरइतका ताठरपणा हवा तर तो जरा जाड, सहा-सव्वासहा मिमीचा लागतो, तरी वजनाला हलकाच पडतो. संक्रांतीच्या हलक्या वाऱ्यात हे फायद्याचंच. बुरुडाकडे मानवेल मागा. तो भरीव असतो. वाळलेला घ्या, ओला नंतर वाकडा होतो. वर्षानुवर्षं पत्र्याखाली तापलेलाही नको, तो कडकन तुटतो. बांबूचं बळ सालीलगतच्या दाट तंतूंत असतं, म्हणून साल तशीच ठेवून आतल्या बाजूने तासा. पेराची गाठ मधल्या जोडाजवळ येऊ देऊ नका. आणि दोन्ही तुकडे एकाच बांबूतून, शेजारीशेजारी काढून दोन्हीकडे नवेच घाला. उजवीकडे फायबर, डावीकडे बांबू असला खेळ नको.

जाड काडी जुन्या जोडात बसणार नाही. तिचं टोक तासून बारीक करायचा मोह होईल, पण मोडते ती नेमकी तिथेच. त्यापेक्षा स्पेअर पार्टच्या दुकानातून मोटरसायकलच्या पेट्रोल पाइपचा तुकडा आणा आणि त्याचाच जोड करा. काडी सोबत न्या, घट्ट बसते का ते तिथेच बघता येईल.

ऑनलाइन कार्बनची नळी मागवायची असेल तर तीही जोडीनेच मागवा. हलकी आणि फार ताठ असते, पण मोडते तेव्हा आधी कळत नाही. शिवाय कार्बनमधून वीज वाहते, विजेच्या तारांच्या आसपास असला पतंग काढूच नका. कापताना, फायबर असो वा कार्बन, कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळा, ओलं करून हॅकसॉ ब्लेडने कापा, तोंडाला रुमाल बांधा. कापलेली टोकं घासून त्यांवर रबरी टोपणं चढवा, नाहीतर पहिल्याच उड्डाणात कापड फाटेल.