आत्याचा डिसेंबर

*प्रिय मावशी,*
*माझी आत्या ६९ वर्षांची आहे. लग्न केलं नाही. आम्ही मूळ वसईचे, ती मात्र चाळीस वर्षं पुण्यात एकटी राहते आणि जपानी शिकवते. संस्थेतून निवृत्त झाली तरी घरी नऊ विद्यार्थी येतात. फी इतकी कमी, की सांगायला लाज वाटते. रोज पहाटे चालत चर्चमध्ये मिस्सेला जाते. जूनअखेरीस मिस्सेहून परतताना रस्त्यात पडली आणि उजवं मनगट मोडलं. आम्हाला कळवलं आठ दिवसांनी, कारण काय, तर 'पोरांची परीक्षा होती'. तेवढ्या दिवसांत डाव्या हाताने फळ्यावर शिकवत होती, आणि परीक्षेच्या सकाळी गळ्यात हात बांधून केंद्राबाहेर पोरांना पेन्सिली वाटत उभी होती! मी आणि दादा म्हणतो, आता वसईला ये. वाडीत घर आहे, पाच मिनिटांवर चर्च आहे, मराठी मिस्सा आहे. तर म्हणते, 'डिसेंबर होऊ दे.' दरवर्षी हेच उत्तर. हे जपानी वेड तिला कुठून लागलं तेही मला कधी कळलं नाही. तिला कसं समजवू?*
*— एक भाची, वसई*

अगं,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझी बाजू पूर्ण पटली. एकटी बाई, सत्तरीला टेकलेली, हात मोडलेला. दुसऱ्यांदा वाचताना 'डिसेंबर होऊ दे' पाशी थांबले. तुला ती टाळाटाळ वाटते. मला वाटतं, आत्या तुला सरळ तारीख सांगते आहे.

जपानीची जेएलपीटी नावाची परीक्षा वर्षातून दोनदा होते, जुलैच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात अवघड, अशा पाच पायऱ्या. म्हणजे एका पोराला खालून वर न्यायचं तर चारपाच वर्षं सहज जातात, आणि दर वर्षी कुणीतरी नवं खालच्या पायरीवर येऊन बसलेलं असतंच. आत्याचा डिसेंबर संपणार कसा? त्यातून परीक्षा नेमकी रविवारी! पेन्सिली घेऊन सकाळी केंद्रावर हजर राहायचं, म्हणजे तुझी आत्या आदल्या संध्याकाळचीच मिस्सा गाठत असणार. शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची धरतात, हे मी तुला काय सांगायचं. डिसेंबरचा तो रविवार तर आगमनकाळातच येतो. चर्चमध्ये नाताळची वाट पाहायची आणि घरी पोरांकडून कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, घोटून घ्यायची, हे दोन्ही चाळीस वर्षं एकाच आठवड्यात चाललंय. तिच्या मनात त्यांचे वेगळे कप्पे असतील असं मला तरी वाटत नाही.

आणि वेड कुठून लागलं हे तू वसईची असून मला विचारतेस? गास गावातलं चर्च कुणाच्या नावाचं आहे? संत गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला मुलगा, बाप पोर्तुगीज, आई इथली. कोवळ्या वयात जपानला गेला आणि तिथली भाषा अशी शिकला, की पुढे फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी त्याला दुभाषा म्हणून बरोबर नेलं. तो फादर कधीच झाला नाही, शेवटपर्यंत साधा ब्रदर राहिला. १५९७ साली नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये पोपनी त्या सगळ्यांना संत जाहीर केलं. आता ज्या मुलीने लहानपणापासून दर फेब्रुवारीत या माणसाचा सण पाहिला, तिला जपानी शिकावंसं वाटलं तर त्यात कोडं कसलं? अर्थात हा माझा तर्क. आत्याला विचारलं असतंस तर खरं काय ते कळलं असतं. चाळीस वर्षांत घरातल्या कुणी विचारलेलं दिसत नाही.

मीही कधीकाळी सहा महिने जपानीच्या वर्गात बसले होते. हिरागाना या त्यांच्या पहिल्या लिपीची ४६ अक्षरं पार केली आणि काताकाना या दुसऱ्या लिपीपाशी बुडाले. पण पहिल्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर लिहिलेलं वाक्य अजून पाठ आहे: 'वाताशी वा पान ओ ताबेमास'. मी पाव खाते. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, आणि आपला 'ला' शब्दाला मागून चिकटतो तसा त्यांचा 'ओ'. बाई म्हणाल्या होत्या, घाबरू नका, मराठी माणसाला निम्मं जपानी आधीच येतं. (उरलेलं निम्मं फार निघालं.) आणि तो 'पान' म्हणजे आपला पावच, दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले. वसईच्या माणसाला ते वाक्य घरचंच वाटत असेल.

आता मुद्द्यावर येते. तू तिला चर्च देऊ करते आहेस. पाच मिनिटांवर, मराठी मिस्सेचं, सगळं खरं. पण तिला चर्चची वाण कधी नव्हतीच. पुण्यात ती सेनसेई आहे. जपानीत शिक्षकाला सेनसेई म्हणतात, डॉक्टरलाही म्हणतात. शब्दशः अर्थ 'आधी जन्मलेली व्यक्ती'. नऊ जण दारात तिला त्या नावाने हाक मारतात. वसईत ती आत्या होईल. खुर्चीवर बसवलेली, 'आत्या, तुम्ही राहू द्या, मी करते' असं दिवसातून दहा वेळा ऐकणारी. माझ्या आईला मी असंच आणलं होतं माझ्याकडे. आई ब्लाउज शिवायची. माझ्या घरात मशीन ठेवायला जागा नव्हती म्हणून ते गावी विकून टाकलं. दोन वर्षं ती माझ्या सगळ्या उशांचे अभ्रे नीट बसवत राहिली. याहून जास्त लिहीत नाही.

म्हणून आत्याचं सगळंच बरोबर असं मात्र अजिबात नाही. मोडलेलं मनगट आठ दिवस लपवणं याला मी निष्ठा म्हणणार नाही. तो हट्ट झाला, आणि घरच्यांना परकं करणं झालं. तिला हे तोंडावर सांग, माझं नाव घेऊन सांग हवं तर. कांजीत कुठली रेघ आधी, कुठली नंतर, हे ठरलेलं असतं. ती डाव्या हाताने काढताना तिला किती जड गेलं असेल ते मी समजू शकते. पण पडल्यावर पहिली रेघ घरी फोन करण्याची. एवढी शिस्त पोरांना लावते, तर स्वतःला लावायला काय हरकत?

फीचा हिशेब तू सोड. तो तुझा नाही.

डिसेंबरपर्यंत तिला हलवायचा विषयच काढू नकोस. त्याऐवजी चार दिवस रजा काढून पुण्याला जा. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घे. पहाटे तिच्याबरोबर मिस्सेला चालत जा आणि ती कुठे अडखळली ते बघ. पाऊस आणि अंधार असेल त्या दिवसांसाठी ओळखीचा रिक्षावाला ठरवून दे. पैसे तू देऊ नकोस, तिला आवडणार नाही. नऊ विद्यार्थ्यांपैकी एकाकडे तुझा नंबर असू दे, हे तिच्या देखत ठरव. आणि संध्याकाळी वर्गात मागे बस. मदत करायला म्हणून नाही, नुसती बस. आपली आत्या फळ्यापाशी कशी दिसते, हे तू पाहिलं आहेस का कधी?

डिसेंबरच्या परीक्षेचा निकाल जानेवारीच्या शेवटी लागतो. त्यानंतरचे काही दिवस तिला जरा मोकळे. गोन्सालो गार्सियांचा सण तेव्हाच असतो. तिला त्या सणाला बोलाव, पंधरा दिवसांसाठी, परतीचं तिकीट आधीच काढून. परत जाताना पोरांना द्यायला सुकेळी नेऊ दे तिला. तिथे वाडीत बसून तिने दोनचार तास फोनवरून वर्ग घेऊन पाहिले, आणि जमलं, तर पुढचं ती आपणहून बोलेल. नाही जमलं तर नाही. महिन्यातून एक दिवस तू पुण्याला जायचं, दादाने एक दिवस. दोघं मिळून वर्षाचा हिशेब मांडा, काही फार होत नाही.

आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी दुपारीच तिच्याकडे पोच. या परीक्षेत उत्तरं पेन्सिलीने भरतात. मोडलेल्या मनगटाने टोकयंत्र फिरवणं तिला अजून जड जाईल. नऊ पोरं, प्रत्येकाला दोन. टोकं तू काढ.

— तुझी मावशी