‘क्योटो शिष्टाचार’ म्हणू नये : करारांतल्या प्रोटोकॉलविषयी

हवामानबदलावरच्या एका अहवालाचा अनुवाद करणाऱ्या ताईंनी विचारले आहे : “इंग्रजी वाक्याचा आशय असा आहे की, मूळ कराराला जोडायच्या नव्या प्रोटोकॉलसाठी देशांमध्ये बोलणी सुरू झाली. शब्दकोशात ‘प्रोटोकॉल’ला ‘राजशिष्टाचार’ सापडतो. मग ‘क्योटो शिष्टाचार’ लिहावे का? की सरळ ‘दुरुस्ती’ म्हणावे?”

दोन्ही नको. आधी ‘शिष्टाचार’ बाजूला काढू, कारण तो चुकीचा अर्थ गळ्यात बांधतो. मंत्रालयात राजशिष्टाचार विभाग आहे. पाहुणे आले की स्वागताला कोण जाणार, कोणाची खुर्ची कुठे मांडायची, ध्वज कोणत्या बाजूला लावायचा, हे तो पाहतो. क्योटोत १९९७ साली ठरले ते औद्योगिक देशांनी हरितगृह वायू किती कमी करायचे ते. त्यात मानपानाचा काही संबंध नाही.

मग एकाच शब्दाला हे दोन अर्थ आले कुठून? मूळ शब्द ग्रीक आहे. ‘प्रोटोस’ म्हणजे पहिला आणि ‘कोल्ला’ म्हणजे चिकटवायची खळ. पपायरसचे ताव एकमेकांना चिकटवून गुंडाळी करत, तिचा पहिला ताव म्हणजे प्रोटोकॉल. दस्त खरा असल्याची खूण त्याच तावावर असे. म्हणून सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने कॉन्स्टँटिनोपलच्या दस्तलेखकांना तो ताव कापून टाकायला मनाई केली होती. आपल्या जुन्या मोडी कागदांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. महजर (सभेने दिलेले निवाडपत्र), वतनपत्रे यांचे लांबच लांब कागद असेच बंदाला बंद, म्हणजे तावाला ताव, चिकटवून केलेले असत, आणि मधला बंद कोणी बदलू नये म्हणून जोडावर शिक्का मारत. कागद खरा ठरायचा तो जोडापाशीच.

पुढे लॅटिन आणि फ्रेंचमधून येताना हा शब्द दस्ताच्या अस्सल नोंदीला लागला. युरोपात राजदूतांची बैठक झाली की तिथे ठरलेल्या गोष्टींचे टिपण करून सगळे त्यावर सही करत, ते टिपण म्हणजे प्रोटोकॉल. ग्रीसला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता देणारा १८३० सालचा लंडन प्रोटोकॉल हा याच प्रकारचा. दुसरीकडे, असे कागद लिहिताना मायने कसे असावेत, कोणाचे नाव आधी यावे, याचे नियमही त्याच शब्दाने ओळखले जाऊ लागले, आणि त्यातून राजशिष्टाचार आला. म्हणजे दोन्ही अर्थ एकाच घरातले असले तरी त्यांच्या चुली केव्हाच वेगळ्या झाल्या आहेत. कोशाने एकच दिला असेल तर तो अपुरा आहे.

करारांच्या जगात आज प्रोटोकॉल म्हणजे बहुतेक वेळा मूळ कराराला जोडलेला, पण स्वतःच्या पायावर उभा असलेला दुसरा करार. ओझोनचे उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. १९८५च्या व्हिएन्ना करारात देशांनी ओझोनच्या थराचे रक्षण करायचे मान्य केले, पण कोणी काय आणि किती कमी करायचे याचा आकडा त्यात नव्हता. तो आला १६ सप्टेंबर १९८७च्या माँट्रियल प्रोटोकॉलमध्ये : फ्रिजमध्ये वापरला जाणारा सीएफसी वायू टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणायचा. भारत लगेच त्यात गेला नाही. पर्यायी तंत्रज्ञानाचा खर्च कोण उचलणार, हा आपला प्रश्न होता. १९९०च्या लंडन बैठकीत त्यासाठी निधी उभा करायचे ठरले आणि १९९२मध्ये भारत सामील झाला.

आता ‘दुरुस्ती’ का नको ते पाहा. दुरुस्ती मूळ मजकुराला हात लावते, प्रोटोकॉल मूळ मजकूर तसाच ठेवून त्याच्या शेजारी नवा मजकूर उभा करतो. २०१६ साली किगालीत माँट्रियल प्रोटोकॉलच्याच मजकुरात बदल करून, सीएफसीच्या जागी वापरात आलेले एचएफसी वायू त्यात घेतले. ती दुरुस्ती, आणि तिला ‘किगाली दुरुस्ती’च म्हणतात. हा फरक पुसला तर वाचकाला पुढचे काही कळणार नाही. कॅनडाने क्योटो प्रोटोकॉल सोडला, पण तो ज्याला जोडलेला आहे त्या १९९२च्या मूळ हवामान करारात कॅनडा राहिलाच. अमेरिकेने १९९८मध्ये क्योटोवर सही केली, मंजुरी मात्र कधी दिली नाही. प्रोटोकॉल वेगळा करार असतो, त्याला वेगळी सही आणि वेगळे अनुसमर्थन (सहीनंतर देशाने द्यायची रीतसर मंजुरी) लागते, म्हणून हे शक्य होते. उलट दिशेने मात्र वाट बंद आहे. त्याच हवामान कराराचे १७वे कलम सांगते की, मूळ करारात असलेल्या देशालाच प्रोटोकॉलमध्ये येता येईल.

या नात्याला मराठीत माझ्या मते एकच नेमका शब्द आहे : पुरवणी. परीक्षेत मुख्य उत्तरपत्रिका संपली की पुरवणी मागतो आणि दोऱ्याने तिला बांधतो. विधिमंडळात पुरवणी मागण्या येतात. शब्द घरातला आहे आणि अर्थ न सांगता कळतो. करारांच्या संदर्भातही तो उपरा नाही. वसईचा तह डिसेंबर १८०२चा, त्याला पुढच्याच वर्षी जादा कलमे जोडली गेली आणि काही मुलखाची अदलाबदल झाली. त्यांना पुरवणी कलमे म्हटले तर कोणाला अडखळायला होत नाही. हिंदीत ‘नयाचार’ असा शब्द घडवला आहे. तो आपण घ्यावा असे मला वाटत नाही, कारण तो समजावायला पुन्हा ‘प्रोटोकॉल’च म्हणावे लागते.

एक सावधगिरी हवी. प्रत्येक प्रोटोकॉल पुरवणी नसतो. विषारी वायू आणि जंतूंचा युद्धात वापर करायला बंदी घालणारा १९२५चा जिनिव्हा प्रोटोकॉल स्वतंत्रच आहे. याउलट १९७७चे दोन जिनिव्हा प्रोटोकॉल १९४९च्या चार जिनिव्हा करारांना जोडलेले आहेत. त्यांना पुरवणी म्हणणे अगदी बरोबर. (भारत त्या चार करारांत आहे, या दोन पुरवण्यांत नाही.) म्हणून विशेषनामात ‘प्रोटोकॉल’ ठेवावा आणि अर्थ सांगताना, जिथे खरोखर जोड आहे तिथे, ‘पुरवणी करार’ म्हणावे.

ताईंच्या वाक्यात बोलण्यांचाही उल्लेख आहे, म्हणून शब्दांवरून देश किती भांडतात तेही सांगतो. क्योटोची बोलणी ज्या ठरावावर सुरू झाली, त्या १९९५च्या बर्लिन ठरावात ‘प्रोटोकॉल किंवा दुसरा कायदेशीर दस्तऐवज’ तयार करायचा असे शब्द होते. २०११ साली डर्बनच्या हवामान परिषदेत हेच दोन पर्याय पुन्हा आले आणि तिसरा पर्याय कोणत्या शब्दांत मांडायचा यावरून सगळे अडले. भारताला सैल शब्द हवा होता, कारण गरीब देशावर श्रीमंतांइतकेच ओझे बांधले जाईल ही भीती होती. युरोपीय संघाला तो फार ढिला वाटला. वेळ उलटून गेल्यावर सभागृहातच घोळक्यात उभ्याने भारताच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री जयंती नटराजन आणि युरोपीय संघाच्या हवामान आयुक्त कॉनी हेडेगॉर यांची बोलणी झाली. शेवटी ब्राझीलच्या प्रतिनिधीने सुचवलेला शब्दप्रयोग मान्य झाला : ‘कायद्याचे बळ असलेली, सर्वांना मान्य निष्पत्ती’. चार वर्षांनी पॅरिसमध्ये जे जन्मले त्याच्या नावात प्रोटोकॉल नाही, तो ‘पॅरिस करार’ आहे. आणि तिथेही शेवटच्या दिवशी एका कलमातले क्रियापद बदलावे लागले. श्रीमंत देश ‘करतील’ याऐवजी श्रीमंत देशांनी ‘करावे’ असे झाले. मराठी कायद्यात ‘करील’ आणि ‘करावे’ यांचे वजन ज्याला ठाऊक आहे, त्याला यातले अंतर समजावून सांगावे लागणार नाही. अनुवादकाने ते अंतर जपायलाच हवे. अशा मसुद्यांत न ठरलेले शब्द चौकटी कंसात ठेवतात. ते कंसही अनुवादात गाळू नका, कारण तिथला मजकूर अजून कोणाचाच नसतो.

नावांबद्दलही एक गोष्ट लक्षात असू द्या. गावाचे नाव आहे म्हणजे करार तिथेच झाला असे नाही. जनुकीय बदल केलेल्या सजीवांविषयीचा कार्टाहेना प्रोटोकॉल कोलंबियातल्या त्या शहरात १९९९मध्ये व्हायचा होता, पण बोलणी फिसकटली. तो संमत झाला जानेवारी २०००मध्ये, माँट्रियलला. नाव मात्र कार्टाहेनाचेच राहिले. तेव्हा ‘कार्टाहेना येथे झालेला’ असे लिहू नये.

तुमचे वाक्य मी असे करीन : “मूळ कराराला जोडायच्या नव्या प्रोटोकॉलसाठी, म्हणजे पुरवणी करारासाठी, सदस्य देशांनी वाटाघाटी सुरू केल्या.” पुढच्या परिच्छेदापासून नुसते ‘प्रोटोकॉल’ चालेल.