सोळाव्या वर्षी इंग्लंडला जाता आले नाही म्हणून

डब्लिन, रविवार

चिरंजीवास काकांचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला होता. इंग्लंडच्या फुटबॉल क्लबात जाण्याचा बेत फिसकटल्यापासून तू घरात कोणाशी धड बोलत नाहीस, असे ती म्हणाली. समोरासमोर बोललो असतो तर तू मान खाली घालून नुसते 'हो काका' म्हटले असतेस, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

आधी नियमाविषयी. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमानुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूला सहसा देश बदलून करार करता येत नाही. युरोपीय संघातल्या देशांपुरती सोळा ते अठरा या वयाला सवलत आहे, पण ब्रिटन संघातून पूर्णपणे बाहेर पडल्यामुळे २०२१ पासून ती इंग्लिश क्लबांना मिळत नाही. तेव्हा तुझ्या खेळाचा यात काहीही दोष नाही. त्याच्या पुढे जाऊन मी असेही म्हणेन, की तू बचावपटू आहेस आणि बचावपटूला ही दोन वर्षे घरी मिळाली तर ती त्याच्या हिताचीच ठरतात.

शेमस कोलमनचे उदाहरण घे. आयर्लंडच्या डोनेगॉलमधल्या किलीबेग्ज या मासेमारी बंदराच्या गावातला हा मुलगा गेलिक फुटबॉल, म्हणजे हातापायांनी खेळायचा आपला आयरिश खेळ, खेळत वाढला आणि सतराच्या सुमारास स्लायगो रोव्हर्स या आयरिश क्लबमध्ये आला. तिथे एका प्रशिक्षकाने त्याला दुसरा क्लब शोधायला सांगितले होते, परंतु त्याच्याआधी प्रशिक्षकच क्लबमधून गेले आणि कोलमन राहिला. जानेवारी २००९ मध्ये एव्हर्टन या इंग्लिश क्लबने त्याला अवघ्या ६० हजार पौंडांत घेतले, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्यानंतरही त्याला लगेच संघात जागा मिळाली नाही. २०१० च्या वसंतात तो ब्लॅकपूल क्लबकडून काही काळापुरता उसना खेळला, त्या संघाबरोबर इंग्लंडच्या सर्वोच्च प्रीमियर लीगमध्ये बढती मिळवून परतला आणि मग कुठे त्याने एव्हर्टनमध्ये उजव्या बॅकची, म्हणजे उजव्या कडेच्या बचावपटूची, जागा पक्की केली. पुढे तो एव्हर्टनचा आणि आयर्लंडचाही कर्णधार झाला. ते ६० हजार आजही एव्हर्टनचे प्रेक्षक अभिमानाने गातात.

तो एकटाच उशिरा गेला असे समजू नकोस. केव्हिन मोरन १९७६ आणि १९७७ मध्ये डब्लिनकडून गेलिक फुटबॉलचे अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकून एकविसाव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडला गेला. पॉल मॅग्रा डब्लिनच्या अनाथाश्रमांत वाढला, तिथल्याच सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिक क्लबकडून एक हंगाम खेळला आणि १९८२ मध्ये बाविसाव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडनेच त्यालाही नेले. उलट कॉर्कचा डेनिस अर्विन किशोरवयातच लीड्स या इंग्लिश क्लबला गेला होता, आणि १९८६ मध्ये लीड्सने त्याला काहीही रक्कम न घेता सोडून दिले. ओल्डहॅम क्लबमध्ये चार वर्षे खपून तो १९९० मध्ये युनायटेडला पोहोचला आणि तिथे सात वेळा लीग जिंकला. लवकर जाऊनही त्याला उभे राहायला चोवीस वर्षांचा व्हावे लागले, हे लक्षात घे.

बचावपटूला असा वेळ का लागतो, याचे कारण तुला गेल्या शनिवारच्या सामन्यातच दिसेल. पावसाने मैदान निसरडे झाले होते आणि त्यांचा सात नंबरचा विंगर चेंडू घेऊन तुझ्यासमोर उभा राहिला. त्याने नुसता खांदा हलवला, तुझे सगळे वजन पुढच्या पायावर आले, तू पाय घातलास आणि चेंडू तुझ्या दोन्ही पायांमधून निघून गेला. तुझा वेग त्याच्यापेक्षा जास्त आहे, तरीही त्या क्षणी तो उपयोगी पडला नाही, कारण चेंडू अजून त्याच्या ताब्यात असतानाच तू निर्णय घेऊन टाकलास. हातभर अंतर राखायचे, गुडघे किंचित वाकवायचे, अंग तिरके ठेवून त्याला साइडलाइनच्या बाजूला ढकलत न्यायचे, आणि चेंडू त्याच्या बुटापासून सुटा होईपर्यंत पाय घालायचा नाही. हे सांगायला अर्धे मिनिट लागते, पण अंगी मुरायला शेकडो सामने लागतात, आणि ते सामने मोठ्या क्लबच्या बाकावर बसून मिळत नाहीत. अर्विन मूळचा उजव्या पायाचा असूनही वर्षानुवर्षे डाव्या बॅकला खेळला, तो याच सवयीच्या बळावर.

मॅग्राच्या गुडघ्यांवर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या, की पुढे ॲस्टन व्हिला या क्लबात तो आठवडाभर जवळजवळ सराव करत नसे आणि थेट सामन्यालाच उतरे. तरीही १९९३ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी आपल्या मतांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम ठरवले. पास कुठे जाणार हे त्याला आधीच दिसत असल्यामुळे त्याला धावावेच कमी लागे. पण त्याची दुसरी बाजूही तुला माहीत हवी. दारूच्या व्यसनाने त्याला आयुष्यभर छळले, आणि ते त्याने स्वतःच पुढे उघडपणे सांगितले आहे. एकट्याने सोसू नकोस. मनावर ओझे असेल तर आईला सांग, नाहीतर रात्री कितीही वाजता मला फोन कर.

दुखापतीबद्दलही तेच. २४ मार्च २०१७ रोजी वेल्सविरुद्धच्या सामन्यात कोलमनचा उजवा पाय मोडला, तेव्हा मी स्टेडियममध्ये होतो. आवाजाने भरलेले ते मैदान क्षणात गप्प झाले आणि जवळचे खेळाडू डोक्याला हात लावून तोंड फिरवून उभे राहिले. तो पुन्हा खेळला तो जानेवारी २०१८ च्या शेवटी, म्हणजे दहा महिन्यांनी, आणि कोणी घाई केली नाही म्हणूनच खेळला. मी मात्र कोल्हापुरात असताना, उपांत्य सामना बुडू नये म्हणून, सुजलेला गुडघा पट्टीखाली लपवून उतरलो होतो. कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. आज जिना उतरताना मला कठडा धरावा लागतो. तुझ्या घोट्याचे दुखणे आईने मला सांगितले आहे. मंगळवारच्या सरावाआधी ते फिजिओला दाखव, मगच बूट चढव.

लीव्हिंग सर्ट, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, सोडण्याचा विचार मनातून काढून टाक. इथल्या लीगमधले करार अनेकदा एकाच हंगामाचे असतात आणि पगार बेताचा असतो. करार संपलेल्या व्यावसायिकांसाठी इथली खेळाडू संघटना हंगामाआधी सरावशिबिर भरवते, यावरूनच किती जण दर हिवाळ्यात मोकळे होतात याची कल्पना येईल. परीक्षा जूनमध्ये आहे, आणि त्या महिन्यात एखाददुसरा सामना चुकला तर तुझी जागा जाणार नाही, हे मी तुझ्या प्रशिक्षकांना विचारून घेतले आहे.

येत्या शुक्रवारी डॅलीमाउंटच्या मैदानावर सामना आहे आणि मी दोन तिकिटे काढून ठेवली आहेत. संध्याकाळी सव्वासहाला न्यायला येतो, जॅकेट विसरू नकोस. पहिला अर्धा तास आपण चेंडूकडे पाहायचे नाही, फक्त उजव्या बॅककडे पाहायचे. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना तो कुठे उभा राहतो आणि मान किती वेळा वळवतो, ते तू मोजायचे आणि मध्यंतरात मला सांगायचे.

तुझा काका