दोन वर्षं पार्सल आल्यापासून मोजा, डबा उघडल्यापासून नाही

विट्याहून ईमेल आलाय. सदोष वस्तूच्या तक्रारीचे असेच ईमेल मला दर महिन्याला येतात, कुणाचा मिक्सर, कुणाची बॅटरीची सायकल, गोष्ट तीच. यावेळी रोबो आहे. लाल ट्रकचा रोबो होतो ते जुनं ऑप्टिमस प्राईम, १९८४ ला हॅस्ब्रोनं अमेरिकेत विकायला काढलेलं, मुळात जपानच्या टाकारा कंपनीच्या डायाक्लोन मालिकेतलं खेळणं, त्याचीच नवी भरपूर सांध्यांची आवृत्ती, पण दुसऱ्याच कुठल्या तरी परदेशी कंपनीनं लायसन्स न घेता बनवलेली. ऑनलाईन दुकानातून ३२,५०० ला घेतली, पार्सल १४ मार्च २०२४ ला आलं, आणि डबा सीलबंदच कपाटावर ठेवला, का तर मुलगा थोडा मोठा होऊ दे म्हणून. २०२५ च्या दिवाळीत सील फोडलं, रोबोचा ट्रक करताना दुसऱ्याच वेळी उजवा खांदा निखळला. दुकानदार म्हणतो अनबॉक्सिंगचा व्हिडिओ दाखवा, आणि परतीचे ७ दिवस कधीच संपले. तेव्हापासून तुमचे त्याला अकरा ईमेल गेलेत, आणि आता विचारताय की वस्तू सदोष आहे हे सिद्ध कसं करायचं.

ते नंतर बघू. आधी कॅलेंडर काढा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ६९ म्हणतं, दाव्यास कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुम्ही मनात धरून बसलाय की कारण दिवाळीत घडलं, म्हणजे २०२७ च्या दिवाळीपर्यंत वेळ आहे. सामनेवाल्याचा, म्हणजे त्या दुकानदाराचा, वकील पहिल्याच तारखेला सांगणार की माल १४ मार्च २०२४ ला ताब्यात दिला, दोष असलाच तर त्या दिवशीच होता, मुदत तिथूनच मोजा. आतला दोष उघडल्यावरच कळला, हा तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, काही प्रकरणांत तो मानला गेलाय, काहींत नाही, पण ३२ हजारांच्या वस्तूसाठी हा जुगार खेळायचाच कशाला जेव्हा पहिली मुदत अजून तुमच्या हातात आहे? आज फेब्रुवारी २०२६ चालू आहे. १४ मार्च २०२६ ला दोन वर्षं होतात आणि तो दुसरा शनिवार आहे, ऑफिस बंद. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढच्या कामाच्या दिवशी दाखल करता येतं हे खरं, पण त्यावर विसंबू नका, फेब्रुवारी संपायच्या आत करून टाका.

आणि ते अकरा ईमेल. "सप्लायरला विचारून कळवतो", "दोन दिवस द्या" अशी उत्तरं येत राहिली म्हणून मुदत थांबत नाही. पत्रव्यवहारानं मुदत वाढत नाही ही गोष्ट लोकांना सांगून सांगून थकलो. दिवाळीनंतर लगेच आला असता तर आज ही धावपळ नसती. तुमच्या घरात गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा, धंदा आहे असं लिहिलंय, सोन्याचा डाग कस न लावता कुणी वीस महिने तिजोरीत टाकतं का? मग एवढ्या किमतीचा डबा आल्या दिवशी निदान उघडून तरी बघायचा. मुदत हुकली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, त्याच कलमात सोय आहे, पण समाधानकारक कारण द्यावं लागतं आणि "डबा कपाटावर होता" हे कारण लिहायला माझा हात धजणार नाही.

वकिलाची नोटीस आधी द्यावीच लागते असं कुणीतरी सांगितलंय तुम्हाला. ग्राहक तक्रारीला ती सक्तीची नाही. द्यायची तर आजच स्पीड पोस्टनं द्या, पण उत्तराची वाट बघत बसू नका.

तक्रार सांगलीतच, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात होईल. बिलावर "फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात" असं छापलंय त्याला घाबरू नका, कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते आणि विटा सांगली जिल्ह्यातच आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. फक्त एक सांभाळा, व्हिडिओची अट अन्यायकारक आहे हे तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी तक्रारीत "अनुचित करार" हा शब्द घालू नका, कारण तो विषय वरच्या राज्य ग्राहक आयोगाचा आहे आणि जिल्हा आयोगात त्यावरूनच आक्षेप येईल, प्रकरण तिथंच अडकेल. सदोष वस्तू आणि पैसे परत न करणं, एवढ्यावरच उभे राहा. बनवणारी कंपनी परदेशात, तिच्या मागं धावू नका, विकणाऱ्यालाच सामनेवाला करा, आणि तो दुसऱ्याच्या वेबसाईटवर विकत असेल तर त्या वेबसाईटलाही जोडा.

आता दोष. तुमचा फोटो मी मोठा करून बघितला. स्टीलची पिन ज्या भोकातून जाते त्याच्याभोवती प्लास्टिक पांढरं पडलंय आणि चीर तिथूनच निघालीय. जुन्या खेळण्यात सांधे मोजके होते, यात खांद्यालाच कट-कट वाजणारं रॅचेट आहे आणि सगळा ताण त्या पिनवर येतो. पिन भोकाला जास्त घट्ट बसवली असेल तर अशी चीर पडू शकते. पडल्यामुळं नसेलच असं मात्र मी छातीठोक सांगणार नाही, तो माझा विषय नाही. वालचंद कॉलेजमधले मेकॅनिकलचे कुणी सर ओळखीचे असतील तर तुकडा दाखवा, त्यांचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर उत्तम. लॅब तपासणी मागितली की कायद्यातले निकालाचे ३ महिने ५ होतात, आणि प्रत्यक्षात त्याचं काय होतं ते तुम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात कुणालाही विचारा, सामनेवाल्याला उत्तरासाठी ४५ दिवसांच्या वर वेळ मिळत नाही असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०२० मध्येच सांगितलंय तरी तारखा पडतच राहतात. म्हणून लॅब मी स्वतःहून मागणार नाही.

डब्यावर "१५ वर्षांवरील" लिहिलंय आणि त्या दिवशी रोबो तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात होता. हे लपवायचं का असं विचारलंय. अजिबात नाही. प्रतिज्ञापत्रावर खोटं लिहून सापडलात तर खरा दोषही कुणी मानणार नाही. दोन्ही वेळा तुम्ही शेजारी बसून माहितीपत्रक बघत करत होता असं म्हणताय, तेच लिहा.

आणखी एक, दोन रोबो घेतले आणि एक नफ्यात विकला हे तुम्ही सहज लिहून गेलात. एकदाच झालं असेल तर बहुधा अडचण नाही, पण असे चार-पाच विकले असतील तर सामनेवाला म्हणेल हा ग्राहकच नाही, व्यापारी आहे. खरा आकडा मला फोनवर सांगा.

बिल, पार्सल मिळाल्याची नोंद, अकराच्या अकरा ईमेलच्या प्रिंट आणि त्यांच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जोडावं लागतं ते प्रमाणपत्र, एवढं घेऊन या आठवड्यात या. रोबो डब्यासकट आणा. निखळलेला हात तसाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मुलगा कितीही मागं लागला तरी त्याला फेविक्विक लावू नका.